एकाच पंगतीतले

माझे बाबा कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारायचे. इथे अमेरिकेत, ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात भेंडी मोडून बघता बघता, कुणाच्या लग्नात जेवणाच्या रांगेत, दाताच्या डॉक्टरकडे बाकावर बसल्या बसल्या, समोरचा माणूस आपल्याकडचा दिसला आणि सत्तरीच्या आसपासचा वाटला, की बाबा आधी थंडीबद्दल काहीतरी बोलायचे आणि मग आवाज खाली आणून म्हणायचे, "चाचा, आप कभी जहाज पे थे क्या?" मी तेव्हा लांब जाऊन चिप्सच्या पाकिटांवरचा मजकूर वाचत उभा राहायचो. बहुतेक म्हातारे हसून नाही म्हणायचे. एकजण मात्र चिडला होता. "मी बडोद्याला हेडमास्तर होतो. खलाशी वाटलो का तुम्हाला?" बाबा सॉरी सॉरी म्हणत मागे सरले. गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "बाबा, पीपल थिंक यू आर क्रेझी." बाबांनी पट्टा लावला आणि म्हणाले, "करू देत थिंक."

ते त्यांच्या वडिलांना शोधत होते. माझे आजोबा रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावातले. महायुद्धाच्या काळात मुंबईहून मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून चढले तेव्हा बाबा रांगत होते. अमेरिकेहून एक पत्र आलं, एकदा थोडे पैसे आले, आणि मग काहीच नाही. कंपनीकडून निरोप आला की माणूस बंदरात उतरला तो परत चढलाच नाही. त्याचा अर्थ गावाने लावला. तिकडे मडम ठेवली, असं गाव म्हणालं, आणि आजीच्या तोंडावर म्हणालं. आजीने ते ऐकून घेतलं आणि रोज सकाळी कुंकू लावत राहिली. मेल्याची बातमी नाही म्हणजे माणूस आहे, एवढा साधा तिचा हिशोब होता. बाबा शिकले, इंजिनिअर झाले, इथे आले. नोकरीसाठी आलो असं सगळ्यांना सांगत. मराठी मंडळात कोणी विचारलंच तर "वडील मर्चंट नेव्हीत होते" एवढं बोलून विषय बदलत. खलाशी हा शब्द मी त्यांच्या तोंडून घराबाहेर कधी ऐकला नाही.

मी नववीत असताना आजी आमच्याकडे आयसेलिनला राहायला आली. दोन खोल्यांचं अपार्टमेंट, त्यातल्या एका खोलीत ती आणि मी. हिवाळ्यात भिंतीखालचा हीटर टकटक वाजायचा आणि ती झोपेतच "कोण आहे?" म्हणायची. पहाटे तिच्या बांगड्यांचा आवाज, मग कुकरची शिट्टी, मग काहीही तळायला घेतलं की छतावरचा स्मोक अलार्म. तो वाजायला लागला की आई टॉवेल घेऊन खुर्चीवर चढायची आणि आजी खालून ओरडायची, "अगो, त्याला सांग, आग नाही, वडे आहेत!" आजीचे नियम कडक होते. परक्याच्या घरचं पाणी प्यायची नाही. मंडळाच्या पिकनिकला स्वतःचा डबा न्यायची आणि झाडाखाली सगळ्यांकडे पाठ करून बसायची. बायका गालात हसायच्या, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला पहिला मान द्यायच्या. एवढी म्हातारी सवाशीण आयसेलिनमध्ये दुसरी नव्हती. ती कुणाची सवाशीण, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

घरात ती सगळ्यांत शेवटी जेवायची. आई म्हणायची, "आई, बसा ना आमच्याबरोबर, इथे कोण बघतंय?" आजी बसायची नाही. एकदा मला तिने सांगितलं की लग्न झाल्यावर ती आजोबांच्या उष्ट्या पानात जेवायची, तेव्हा सगळ्याच बायका जेवायच्या. आजोबा भाताच्या ढिगाखाली अर्धा वडा लपवून ठेवायचे. सासूला दिसू नये म्हणून. "तेवढंच बोलणं आमचं," ती म्हणाली. "दिवसा नवराबायको बोलायची पद्धत नव्हती." मला तेव्हा त्या उष्ट्या पानाची शिसारी आली होती, आणि मी ती लपवलीही नाही. ती हसली. आजोबांचं नाव मात्र तिने कधी घेतलं नाही. 'हे' म्हणायची, आणि 'हे' म्हणताना पदर सारखा करायची.

मला गाडी चालवायचं लायसन्स मिळालं त्या वर्षीच्या मार्चमध्ये मी आणि बाबा मटण आणायला गेलो. नेहमीचं दुकान बंद होतं म्हणून दुसऱ्या गावातल्या एका दुकानात. दाराशी स्टुलावर एक म्हातारा बसला होता, दुकानदाराचा बाप. कानटोपी, हातात तसबीहची माळ. बाबांनी प्रश्न विचारला. मी चिप्सकडे वळलो. तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "कौन सा जहाज?"

इतक्या वर्षांत उलटा प्रश्न पहिल्यांदा आला होता. बाबांनी बोटीचं नाव सांगितलं, मग आजोबांचं, मग गावाचं. म्हाताऱ्याची बोटं मण्यांवर थांबली. "गोपाल भाई," तो म्हणाला. "चावल वाला. तुम उसका बच्चा है?"

हे मजीदचाचा, बंगालातल्या सिल्हेटकडचे. दक्षिणेकडे तीन तासांवर असलेल्या एका बंदराच्या शहरात ते आणि आजोबा एकाच खोलीत राहत होते. खोलीत अशीच बोटीवरून उतरलेली माणसं, कुणी कुठली, कुणी कुठली, कागद कुणाकडेच नाहीत. दिवसा हॉटेलांत भांडी घासायची, गोदीत हमाली करायची. स्वयंपाक आजोबा करायचे. "आख़री आदमी काम से ना आ जाए, ढक्कन नहीं खोलने देता था," चाचा म्हणाले. "हम गाली देते थे उसको. भूख से मर रहे हैं, और ये ढक्कन पे हाथ रख के बैठा है." पहिल्याच हिवाळ्यात आजोबांची छाती भरली. त्यांना सरकारी इस्पितळात सोडून सगळे पळाले, कारण थांबलेल्याला कागद विचारले असते. ते वारल्याचं कळलं तेव्हाही प्रेत मागायला कुणी गेलं नाही. मग शहराने, ज्यांचं कुणी येत नाही अशांना पुरायची जागा असते, तिथे पुरलं. लांब चर खणलेला, पेटीला पेटी लावून ठेवलेल्या. मजीदचाचा कुंपणाबाहेर उभे राहून बघत होते. पुढे त्यांना कागद मिळाले, तेव्हापासून वर्षातून एकदा तिथे जात. "नाम-वाम कुछ नहीं है वहाँ," ते म्हणाले. "घास है. लेकिन मुझे मालूम है किधर."

बाबा मटणाची पिशवी हातात धरून ऐकत होते. पिशवीतून थेंब बुटावर पडत होते, त्यांना कळलं नाही. परत येताना गाडी मीच चालवली. हायवेला लागल्यावर बाबा म्हणाले, "आजीला सांगायचं नाही." मी का विचारलं. "ती आज कपाळ भरून हिंडते आहे. माझ्या तोंडाने मी ते पुसू? ह्या वयात?" मग जरा वेळाने, जणू तेच वाक्य पुढे चालू आहे असं, "आणि लोकांना काय सांगायचं? भिकाऱ्यांच्या खड्ड्यात पुरलंय म्हणून? कुणाकुणाच्या मांडीला मांडी लावून?" ह्या दोन कारणांपैकी खरं कुठलं होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आज बाबांच्या तेव्हाच्या वयाचा झाल्यावर वाटतं की दोन्ही खरी असतील. माझ्याही मनात बहुतेक गोष्टींना अशी दोन कारणं असतात, एक सांगण्यासारखं आणि एक तसं नसलेलं.

आईला त्यांनी सांगितलं. तिघांनी मिळून आम्ही ते घरात ठेवलं. मी आजीच्याच खोलीत झोपत होतो. सकाळी ती आरशासमोर उभी राहून कुंकू लावायची, करंगळीने कड सारखी करायची, आणि मी पांघरुणातून बघायचो. आधी कधी बघत नव्हतो. माझी अवस्था अशी झाली की तिने हाक मारली तरी दचकायचो. "काय रे बाळू, चोरी केलीस काय?" ती म्हणायची.

जूनमध्ये वटपौर्णिमा आली. आयसेलिनमध्ये वड नाही. आजीने आमच्या बिल्डिंगमागचा, पार्किंगला लागून असलेला मेपल धरला होता. "झाडाला काय ठाऊक तो कोण आहे ते," असं तिचं म्हणणं. उपास, नवी साडी, ताटात आंबा आणि पांढऱ्या सुताचं रीळ. मंडळातल्या इतर बायका भिंतीवर वडाचं चित्र लावून पूजा करायच्या, पण आजीला प्रदक्षिणा हवी. दरवर्षी रीळ धरायचं काम माझं. उन्हाचा दिवस होता, डांबर तापलं होतं. शेजारच्या गाडीतून एक बाई काच खाली करून बघत होती. आजी झाडाभोवती फिरायला लागली, एक हात बुंध्याला, ओठ हलत होते. पोटात काही नाही, वय झालेलं, दुसऱ्या फेरीला तिचा तोल गेला आणि तिने माझा दंड धरला. श्वास घेतला आणि परत निघाली. सुताचा धागा माझ्या हातातून सुटत होता. मला एकदम ते सहन झालं नाही. मी रीळ घट्ट धरलं. धागा ताणला गेला.

"सोड रे."

"आजी, पुरे."

"अजून आहेत फेऱ्या. सोड."

"आजी, आजोबा नाहीत." मराठीत आधी तेवढंच आलं. मग म्हणालो, "बाबांना माहीत आहे. एक माणूस भेटला. ते इथे आले त्याच वर्षी गेले. हिवाळ्यात."

ती म्हणाली, "सूत सोड, तुटेल." मी सोडलं. तिने उरलेल्या सगळ्या फेऱ्या पुऱ्या केल्या. त्या फेऱ्या मी आजही कधी कधी डोळ्यांपुढे बघतो. आधीइतक्याच सावकाश, फक्त ओठ हलत नव्हते. पूजा आटोपून ती पार्किंगच्या सिमेंटच्या कठड्यावर बसली आणि मला शेजारी बसवलं.

"मडम नव्हती?"

"नव्हती, आजी."

"नीट विचारलंस?"

"आजारी पडले. न्यूमोनिया. सोबतच्या माणसाने सांगितलं."

तिने पदराने तोंड पुसलं. "जाळलं की पुरलं?"

"पुरलं."

"एकटेच आहेत?"

"नाही," मी म्हणालो. "खूप जण आहेत. एका ओळीत."

"बरं झालं," आजी म्हणाली. "त्यांना एकट्याने जेवण जात नसे."

बाबा त्या दिवसापासून माझ्याशी कित्येक आठवडे बोलले नाहीत. लागेल तेवढंच, तेही आईमार्फत. आईने पहिल्या दिवशी मला एक फटका मारला आणि मग जवळ घेऊन रडली. आजीने मात्र कुंकू पुसलं नाही. तिथे जाऊन आल्याशिवाय पुसणार नाही, म्हणाली. आणि तिथे जाताना रिकाम्या हाताने जाणार नाही. बाबांनी समजावलं की पितृपंधरवड्यात बघू, सप्टेंबरमध्ये, हवाही बरी असेल. "इतकी वर्षं उपाशी आहे माणूस," आजी म्हणाली, "आणि तू मला हवा सांगतोस?"

ह्या जागी मला थांबून काही लिहिलं पाहिजे, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी बरोबर केलं. पुढच्या संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकू होतं. आजी आमच्या खोलीत दार लावून बसली. तिला आत बस असं कुणी म्हटलं नव्हतं. बाहेर बायका हसत होत्या, वाण देत होत्या, अत्तराचा वास दाराखालून आत येत होता. मी पुस्तक उघडून बसलो होतो आणि आजी तिच्या मोकळ्या मनगटावरून हात फिरवत होती, बांगड्या मागे सारायची सवय होती ना, ती. एकदा म्हणाली, "काळेकाकूंचा आवाज दिसतोय." त्यानंतर ती थोडीच वर्षं होती, आणि त्या वर्षांत पहाटे बांगड्यांचा आवाज नव्हता. बाबा जे करायला धजले नाहीत ते मी पार्किंगमध्ये, एका मिनिटात करून टाकलं. खरं बोलायचं म्हणून केलं, की मला ओझं नको होतं म्हणून? मी सतरा वर्षांचा होतो हे उत्तर मला पुरत नाही. मडम नव्हती हे तिला कळलं, हेही खरं. दोन्ही गोष्टी तराजूत घालून मी इतकी वर्षं बसलो आहे आणि काटा थांबत नाही. माझी मुलगी म्हणते, "डॅड, शी हॅड अ राइट टू नो." तिला ते सोपं वाटतं. हे मी मराठीत लिहितो आहे, त्यामुळे तिला वाचता येणार नाही. तोही दोष माझाच.

तर, त्या वटपौर्णिमेनंतरच्याच जुलैमधल्या एका शनिवारी आम्ही गेलो. आजीने पहाटेपासून स्वयंपाक केला. भात, वरण, भोपळ्याची भाजी, काळ्या वाटाण्यांची उसळ, तांदळाची खीर, आणि वडे. अलार्म इतका वाजला की वरच्या मजल्यावरचा माणूस खाली आला. आईने विचारलं, पान एकच ना? तेव्हा आजी वडे थापता थापता म्हणाली, "एका पंगतीत बसलेत. एकाला वाढून बाकीच्यांनी काय त्याच्या तोंडाकडे बघायचं?"

"अहो पण आई, किती आहेत ते आपल्याला ठाऊक नाही."

"पुरेल तेवढ्यांना वाढू. थोडं थोडं."

बाबा दारात उभे होते. "आई, ते कोण कुठले लोक, काळे, गोरे, कुणी दारुडे, कुणी..."

"तू पंगतीत वाढायला कधी उभा राहिला नाहीस," आजीने वर न बघता म्हटलं. "वाढणाऱ्याने जात विचारायची असते ती आधी. बसल्यावर नाही."

वाटेत मजीदचाचांना घेतलं. ते पुढे बसले, आजी मागे, मांडीवर खिरीचं पातेलं. चाचांनी मागे वळून "गोपाल भाई की घरवाली" असं काही म्हणायला सुरुवात केली, तेव्हा ते नाव परक्या पुरुषाच्या तोंडून ऐकून आजीने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि खिडकीकडे तोंड केलं. मग कितीतरी वेळाने तिने बाबांना विचारलं, "त्यांना विचार, भात कसा लावायचे? मोकळा की गिचका?" बाबांनी हिंदीत विचारलं. चाचा म्हणाले, "गीला. एकदम गीला. ज़्यादा लगे, इसलिए."

ती जागा म्हणजे एक उतरतं माळरान होतं. कुंपण, लांबवर गोदीच्या क्रेन, कापलेलं गवत. दगड नाही, नाव नाही, मधून मधून जमिनीत सिमेंटचे छोटे ठोकळे. दमट उकाडा होता. चाचा काठी टेकत चालत गेले आणि एका ठिकाणी थांबून काठीने हवेत एक लांब रेघ ओढली. इथून तिथपर्यंत. कोणती पेटी त्यांची, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

आजीने ओळीने पानं मांडायला घेतली. पानं म्हणजे कागदी प्लेट्स. वाऱ्याने उडायला लागल्या तेव्हा मी खडे आणून एकेकीवर ठेवले. आई भात, आजी वरण, मी भाजी, आणि बाबा, जे गाडीतून उतरायलाच तयार नव्हते, ते शेवटी खिरीचं पातेलं घेऊन आले. तेवढ्यात गवत कापणारा माणूस आपल्या छोट्या ट्रॅक्टरवरून आमच्यापर्यंत आला. "इथे अन्न ठेवता येत नाही," तो म्हणाला. "रॅकून येतात." बाबा माफी मागायला लागले. मी म्हणालो, "ते माझे आजोबा आहेत." त्याने त्या सगळ्या प्लेट्सच्या ओळीकडे बघितलं. "कोणते?" मी म्हणालो, ठाऊक नाही. त्याने टोपी मागे केली. "मी त्या बाजूचं गवत कापून येतो. तोपर्यंत उचला."

आजीने पाणी फिरवलं, हात जोडले. चाचांनी बाजूला उभं राहून दोन्ही तळवे वर केले. ट्रॅक्टरचा आवाज लांब जात होता. आम्हाला वाटलं झालं, आई पिशवी उघडायला लागली. तेव्हा आजी पहिल्या पानाशी खाली बसली. वाकून भाताचा एक घास कालवला, उसळीबरोबर, आणि तोंडात घातला. मग सरकत दुसऱ्या पानाशी गेली.

"आई!" बाबा पुढे झाले. "पितरांचं पान खात नाहीत. आणि कुणाकुणाचं उष्टं..."

"तू गप्प बस," ती म्हणाली. "तुझे पितर. माझा नवरा. त्यांचं कुठलं ते मला काय कळतंय? सगळ्यांतलं खाल्लं म्हणजे त्यांच्यातलं आलं."

पिकनिकला झाडाकडे तोंड करून बसणारी माझी आजी गुडघ्यांवर सरकत त्या ओळीने शेवटपर्यंत गेली. प्रत्येक पानातून एक घास. भात उपसून खाली बघायची, मग पुढे. बाबा तिच्या मागोमाग वाकून चालत होते, पडेल म्हणून हात पुढे धरून, आणि रडत होते. शेवटच्या पानाशी तिने पदराच्या टोकाने तोंड पुसलं आणि त्याच टोकाने, कुणाला कळायच्या आत, कपाळ. फिकट पदरावर लाल डाग उमटला. मी तिला उठवायला हात दिला. ती माझ्या हाताला लोंबकळून उठली, तोंडातला घास अजून संपला नव्हता.

"उसळीत मीठ विसरले," ती म्हणाली. नैवेद्याचं आधी चाखून बघायचं नसतं, त्यामुळे तिला कळलं नव्हतं. तिने वळून त्या ओळीकडे पाहिलं. "बघ की. एवढे जण जेवले, कोणी बोललं नाही."